परदेशस्थाचें घर आणि गांवचें वावर

‘परदेशी’ हा शब्द उच्चारतांच वर्णानें, वेषानें व भाषेनें निराळा असा मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो. कायद्याची दृष्टि मात्र याहून अगदीं वेगळी आहे. कायदा माणसाची बोली ऐकत नाहीं, कीं त्याचें आडनांव विचारीत नाहीं. तो त्याचें पारपत्र पाहतो आणि त्याचें वास्तव्य कोठें आहे एवढें विचारतो. त्यामुळें असें घडतें कीं, नागपूर जिल्ह्यांतील भिवापुरास जन्मलेला, तेथल्याच शाळेंत शिकलेला, आणि तेथल्या नामांकित मिरचीचा ठसका जन्मभर न विसरलेला मनुष्य तीस वर्षांनीं परत येऊन गांवांत लहानसें घर व त्याबरोबर चार एकर वावर घेऊं म्हणतो, तेव्हां घर त्याला मिळतें, वावर मिळत नाहीं. गांवाच्या लेखीं तो गांवचाच असतो. कायद्याच्या लेखीं तो परकीय झालेला असतो. हें असें कां, आणि अशा मनुष्यानें स्वगांवीं माफक खर्चांत सुखानें राहावयाचें तर कोणत्या गोष्टी आधीं समजून घ्याव्या, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

विषय नियमांचा असल्यामुळें तो एका कल्पित उदाहरणानें अधिक सुगम होईल. भिवापूरच्या एका शेतकरी कुटुंबांत तीन भावंडें आहेत असें समजूं. थोरला भाऊ गांवींच राहून शेती पाहतो. मधला नोकरीनिमित्त दुबईस असतो. त्याचें पारपत्र अजून भारताचें आहे. धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेस गेली व कांहीं वर्षांनीं तिनें तेथील नागरिकत्व घेतलें. तिघांचा जन्म एकाच घरांतला, तिघांचीं नांवें एकाच वंशावळींत. पण जमीनजुमल्याच्या बाबतींत तिघांची स्थिति तीन प्रकारची आहे.

याचें मूळ राज्यघटनेंत आहे. एकाच वेळीं दोन देशांचें नागरिकत्व भारतीय कायद्यास मान्य नाहीं. राज्यघटनेचा नववा अनुच्छेद व १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा या दोहोंचा आशय असा कीं, ज्यानें स्वेच्छेनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व स्वीकारलें, त्याचें भारतीय नागरिकत्व त्याच क्षणीं संपलें. परंतु लाखो भारतीय असे दूर गेल्यामुळें त्यांचा देशाशीं संबंध अगदींच तुटूं नये, अशी इच्छा सरकारासही झाली. प्रथम १९९९ सालीं भारतीय वंशाच्या लोकांसाठीं एक ओळखपत्र निघालें. पुढें २००५ च्या दुरुस्तीनें ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, संक्षेपानें ‘ओसीआय’, हा दर्जा व्यापक स्वरूपांत निर्माण झाला, आणि २०१५ च्या जानेवारींत आधींची योजना त्यांत विलीन करण्यांत आली. या नांवांत ‘सिटिझन’ हा शब्द असला तरी हें नागरिकत्व नव्हे, हें श्रोत्यांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. हा दर्जा असलेल्यास भारतांत आजन्म येतां-जातां येतें, कितीही दिवस राहतां येतें, त्यासाठीं परकीयांच्या नोंदणी-कचेरींत हजेरी द्यावी लागत नाहीं. मात्र त्यास मत देतां येत नाहीं, निवडणुकीस उभें राहतां येत नाहीं, व सामान्यतः सरकारी नोकरी धरतां येत नाहीं.

आतां खरेदीचा प्रश्न. १९७३ च्या परकीय चलनाच्या कायद्याखालीं भारताचा नागरिक नसलेल्यास येथें स्थावर घेण्यासाठीं रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत असे. १९९९ सालीं संमत झालेला नवा कायदा, ज्याला ‘फेमा’ म्हणतात, तो १ जून २००० पासून अमलांत आला. आणि त्याखालीं २०१९ सालीं केलेल्या नियमांनीं हा व्यवहार चालतो. या नियमांप्रमाणें दुबईचा मधला भाऊ व अमेरिकेची धाकटी बहीण या दोघांनाही भारतांत घर, गाळा, दुकान, कचेरी यांपैकीं कांहींही परवानगीवांचून विकत घेतां येतें. दोघांनाही जें विकत घेतां येत नाहीं तें तीन प्रकारचें आहे : शेतजमीन, चहा-कॉफीसारखे मळे, आणि शेतांतलें घर, म्हणजे ज्याला ‘फार्महाऊस’ म्हणतात तें. बहिणीचा पति भारतीय वंशाचा नसेल व त्याच्यापाशीं ‘ओसीआय’ दर्जाही नसेल, तरी विवाह नोंदलेला असून तो निदान दोन वर्षें टिकलेला असल्यास, तिच्याबरोबर त्याला एक घर संयुक्त नांवानें घेतां येतें. ज्याचा भारताशीं वंशाचाही संबंध नाहीं व जो केवळ पर्यटक म्हणून आला आहे, त्याला मात्र पांच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यापलीकडे कांहींही मिळत नाहीं. पर्यटनाच्या परवान्यावर येऊन समुद्रकांठची मालमत्ता घेतल्याचीं प्रकरणें गोव्यांत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उघडकीस आलीं व त्यांच्या चौकश्या झाल्या, त्या याच कारणानें.

घराला मोकळीक आणि वावराला बंदी, हा भेद प्रथमदर्शनीं विचित्र वाटतो. पण त्यामागें दीर्घ इतिहास आहे. कर्जाच्या पायीं कुणब्याची जमीन सावकाराकडे जाऊं लागल्यामुळें १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत दंगे झाले, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं संरक्षक कायदा करावा लागला. पंजाबांत १९०० सालीं व मध्यप्रांतांत आदिवासींच्या रक्षणार्थ १९१६ सालीं जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध आले. या सर्वांचें सूत्र एकच : जमीन ही ज्याच्या पोटाचें साधन आहे त्याच्या हातून ती केवळ पैशाच्या बळावर जाऊं नये. नागपूरकडील मालगुजारी १९५१ सालीं संपुष्टांत आली. पुढें विदर्भ मुंबई राज्यांत आल्यानंतर, १९५८ सालीं विदर्भापुरता जो कूळकायदा झाला त्यांतही, शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास मनाई करण्यांत आली. म्हणजे भिवापूरच्या वावरास दोन कुलुपें आहेत : एक परकीय चलनाच्या कायद्याचें व दुसरें कूळकायद्याचें. एक उघडलें म्हणून दुसरें उघडत नाहीं. गांवच्या मजुरीवर जगणारा शेतकरी व डॉलरांत कमाई करणारा परदेशस्थ एकाच वावरासाठीं बोली बोलूं लागले, तर कोणाची बोली चढेल हें सांगावयास नको. तेव्हां हा निर्बंध परदेशस्थाला कितीही बोंचला तरी तो निष्कारण नाहीं.

इतर देशही याबाबतींत उदार नाहींत. थायलंडांत परकीयास जमीन विकत घेतां येत नाहीं. सामाईक मालकीच्या इमारतींतील गाळे घेतां येतात, पण त्या इमारतीच्या एकंदर क्षेत्रापैकीं ४९ टक्क्यांहून अधिक क्षेत्र परकीयांच्या हातीं जाऊं देत नाहींत. स्वित्झर्लंडमध्यें परकीयांच्या गृहखरेदीवर १९८३ च्या कायद्याचे कडक निर्बंध आहेत. कानडानें १ जानेवारी २०२३ पासून परकीयांच्या गृहखरेदीस कांहीं काळापुरती बंदी घालणारा कायदा अमलांत आणला. आपल्या माणसांना राहावयास घर आधीं मिळावें, ही भावना सर्वत्र सारखीच आहे.

परंतु जमीन हातीं येण्याचे मार्ग तीन आहेत : खरेदी, बक्षीस आणि वारसा. पहिले दोन बंद असले तरी तिसरा उघडा आहे, आणि भिवापूरसारख्या गांवांतील बहुतेक कुटुंबांना खरें महत्त्व या तिसऱ्याचेंच आहे. वडील मृत्युपत्र न करतां वारले, तर वारसाहक्कानें तिन्ही भावंडांस त्यांच्या वावरांत हिस्सा मिळतो. मुलीचा हक्क मुलाहून उणा नाहीं, आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित एकत्र मिळकतींतही तिला मुलाबरोबरीचें स्थान दिलें आहे. बहीण अमेरिकेची नागरिक झाली म्हणून हा हक्क बुडत नाहीं. तिनें तें वावर ठेवावें, थोरल्याकडून कसवून घ्यावें, अथवा विकावें. विकावयाचें किंवा बक्षीस द्यावयाचें झाल्यास मात्र तें भारतांत राहणाऱ्या व्यक्तीसच देतां येतें, आणि तेथेंही घेणारा शेतकरी असला पाहिजे. उलट, थोरल्यानें प्रेमापोटीं आपल्या हिश्शांतलें एक एकर बहिणीस बक्षीस द्यावयाचें ठरविलें, तर तें कायद्यांत बसत नाहीं. जमीन तिच्याकडून गांवाकडे येऊं शकते. गांवाकडून तिच्याकडे वारशावांचून जाऊं शकत नाहीं.

येथें मधल्या भावाची व बहिणीची वाट वेगळी होते, आणि या सबंध विषयांतील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच होय. दोघेही परदेशीं आहेत तोंवर दोघांनाही वावर विकत घेतां येत नाहीं; म्हणून पुष्कळांस वाटतें कीं, पारपत्र बदललें काय किंवा न बदललें काय, फरक पडत नाहीं. पण मधला भाऊ नोकरी आटोपून कायमच्या वास्तव्यासाठीं भिवापुरास परतला, कीं परकीय चलनाच्या कायद्याखालीं तो पुन्हां भारतनिवासी ठरतो. पहिलें कुलूप आपोआप गळून पडतें, आणि तो शेतकरी असल्याचें सिद्ध झालें कीं दुसरेंही उघडतें. बहीण परत आली, उरलेलें सारें आयुष्य भिवापुरांत राहिली, तरी ‘ओसीआय’ दर्जाच्या हक्कांतून शेतजमीन वगळलेलीच आहे. परदेशांत नागरिकत्वाची शपथ घेतांना मनुष्य तेथील मताधिकार, नोकरीची निश्चिती व मुलांचें शिक्षण यांचा विचार करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच शपथेनें तो गांवचें नवें वावर घेण्याचा हक्कही सोडून देतो, हें त्याला बहुधा कोणी सांगत नाहीं.

अडथळा दिसला कीं माणूस आडवाट शोधतो. “दादा, पैसे मी पाठवितें, वावर तुझ्या नांवावर घे,” असें बहीण म्हणते, आणि थोरलाही भाबडेपणानें होकार देतो. या व्यवहारांत दोघांचाही घात आहे. दुसऱ्याच्या नांवें घेतलेली मिळकत ही बेनामी मिळकत ठरूं शकते. १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा २०१६ सालीं कडक झाला असून, त्यांत मिळकत जप्त होणें, एक ते सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या चौथाईपर्यंत दंड, एवढी शिक्षा सांगितली आहे. परकीय चलनाच्या कायद्याचा दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊं शकतो. शिवाय उद्यां थोरला वारला, तर सातबाऱ्यावर त्याच्या मुलांचीं नांवें लागतील, आणि आत्यानें पैसे दिले होते हें तीं मुलें मान्य करतीलच असें नाहीं. दुसरी आडवाट आममुखत्यारपत्राची. मुखत्यारपत्रानें कामें करवून घेतां येतात. त्यानें मालकी मिळत नाहीं, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिलेला आहे.

मग सरळ वाट कोणती? गांवाच्या आबादींतलें जुनें घर, अथवा रीतसर अकृषिक झालेला भूखंड. या दुसऱ्या बाबतींत विशेष सावध राहावें लागतें. वाढत्या गांवांभोंवतीं वावराचे तुकडे पाडून त्यांना ‘प्लॉट’ हें नांव देतात, दगड पुरतात, रस्ताही आंखतात; पण महसूल दप्तरीं ती जमीन शेतजमीनच असते. परदेशस्थानें असा तुकडा घेतला, तर त्यानें नकळत निषिद्ध वस्तूच विकत घेतली असें होतें. म्हणून माहितीपत्रकावर विश्वास न ठेवतां सातबारा अथवा मिळकतपत्रिका, अकृषिक वापराचा लेखी पुरावा आणि नगरपंचायतीची कराची पावती, हे कागद स्वतः पाहावे. गांवांत ज्याला अद्याप पटवारी म्हणतात त्याच्या दप्तरांतील फेरफार वाचावे. वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घ्यावा. विक्रेत्याच्या बहिणींनीं हक्क सोडला आहे काय हें विचारावें. घरांचे तंटे बहुधा येथूनच निघतात.

मोबदला बँकेमार्फतच द्यावा लागतो : परदेशांतून रीतसर पाठवून, किंवा परदेशस्थासाठीं असलेल्या भारतीय खात्यांतून. परकीय नोटा हातीं ठेवून घर घेतां येत नाहीं. विकणारा परदेशस्थ असेल, तर घेणाऱ्यानें किंमतींतून आयकर कापून सरकारांत भरावयाचा असतो. तो न कापल्यास जबाबदारी घेणाऱ्यावर येते. खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कचेरींत होते; महाराष्ट्रांत नोंदणीची फी किंमतीच्या एक टक्का, पण तीस हजार रुपयांहून अधिक नाहीं; मुद्रांकशुल्क त्याहून वेगळें. स्वतः येणें शक्य नसेल, तर परदेशांत केलेलें मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातींत साक्षांकित करून पाठवावें, आणि तें राज्यांत पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. त्यांत कोणतें घर, कोणत्या किंमतीस, कोणतें काम, हें नेमकें लिहावें. सर्वाधिकार देऊं नयेत.

घेतलेलें घर पुढें विकल्यास पैसा परत नेतां येतो काय, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. परकीय चलन आणून घेतलेल्या राहत्या घराची, आणलेल्या रकमेइतकी किंमत परत नेण्याची मुभा दोन घरांपर्यंत आहे. याखेरीज वारशानें आलेल्या मिळकतीच्या विक्रीचे पैसे ‘एनआरओ’ खात्यांतून, कर भरल्याच्या दाखल्यासह, एका आर्थिक वर्षांत दहा लक्ष डॉलरपर्यंत नेतां येतात. यासाठीं पैसा कोणत्या खात्यांतून आला याचे कागद जपून ठेवावे. वीस वर्षांनीं तेच उपयोगी पडतात.

राहतां राहिला अल्प खर्चांत राहण्याचा विचार. कमाई महाग देशांतली व खर्च स्वस्त गांवांतला, हें गणित सोपें दिसतें. भिवापुरांत स्वतःचें घर असल्यावर भाडें नाहीं, भाजीपाला व धान्य जवळचें, आणि घरकामास माणूस परवडतो. तथापि या हिशेबांत तीन रकमा लोक विसरतात. पहिली औषधपाण्याची. अमेरिकेंतील वृद्धांची ‘मेडिकेअर’ ही सरकारी विम्याची योजना सामान्यतः त्या देशाबाहेर लागू होत नाहीं. भिवापुराहून दुखणाइतास मोठ्या उपचारासाठीं उमरेडवरून नागपुरास न्यावें लागतें. तेथें १९४७ चें वैद्यकीय महाविद्यालय व २०१८ पासूनची ‘एम्स’ संस्था आहे खरी, पण ज्याला लहानपणची लहान रुळांची गाडी आठवते त्यानें ती २०१९ सालीं बंद झाली हेंही ध्यानांत घ्यावें आणि मोटारीचा खर्च धरावा. विमा काढावयाचा तर तो प्रकृति ठीक असतांनाच काढावा.

दुसरी रक्कम निवृत्तिवेतनाची. ब्रिटनचें सरकारी निवृत्तिवेतन भारतांत राहणाऱ्यासही मिळतें, पण तेथें दरसाल होणारी वाढ मिळत नाहीं. परतल्या वेळीं जो आंकडा असेल तो तसाच गोठतो. गांवचे भाव मात्र गोठत नाहींत. तिसरी रक्कम कराची. एका वर्षांत १८२ दिवस अथवा अधिक भारतांत राहिल्यास मनुष्य करासाठीं भारतनिवासी ठरतो. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यास प्रारंभीं कांहीं काळ सवलत असते, नंतर जगभरचें उत्पन्न येथें दाखवावें लागतें. अमेरिकेचा नागरिक जेथें राहील तेथून अमेरिकेसही विवरण देतो. एकाच उत्पन्नावर दोनदां कर पडूं नये म्हणून या दोन्ही देशांशीं भारताचे करार आहेत; परंतु कागद दोन्हीकडे भरावे लागतातच, आणि परदेशांतलें खातें दडवल्यास २०१५ च्या कायद्याचा जबर दंड आहे. भारतांत परतण्यासाठीं परदेशांतलें घर मात्र विकावें लागत नाहीं. तेथें राहत असतांना घेतलेली मिळकत ठेवण्याची कायद्यानेंच मुभा दिली आहे.

तेव्हां कुटुंबांनीं करावयाचें तें परतण्याच्या वेळीं नव्हे, जाण्याच्या वेळीं करावें. ज्याला पुढेंमागें गांवीं येऊन शेती वाढवावयाची आहे त्यानें पारपत्र बदलण्यापूर्वीं दहादां विचार करावा. ज्याला तें बदलणें भाग आहे त्यानें वडिलांच्या पश्चात् वारसनोंद ताबडतोब करून घ्यावी, आपला हिस्सा सातबाऱ्यावर नांवानिशीं लागला आहे हें डोळ्यांनीं पाहावें, आणि परदेशांत जन्मलेल्या मुलांचा ‘ओसीआय’ दर्जा वेळींच नोंदवून ठेवावा, म्हणजे पुढच्या पिढीस वारसा घेतांना अडचण पडणार नाहीं. असें केलें तर अमेरिकेच्या बहिणीस भिवापुरांत आबादींतलें घर मिळेल, वडिलांच्या वावरांतला हिस्सा राहील, आणि तो कसणाऱ्या भावाशीं संबंधही निर्मळ राहील. नवें वावर तिला मिळणार नाहीं. पण जें तिचें आहे तें कोणाच्या नांवाआड लपवावें लागणार नाहीं.